ससेक्समधला शेपू: ‘रानशेपू’ नव्हे, ‘नैमित्तिक’

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या ससेक्स काउंटीच्या वनस्पतिनोंदींत शेपूपुढे ‘कॅज्युअल’ असा शेरा आढळला, तर मराठीत ‘जंगली शेपू’ म्हणावे की ‘रानशेपू’?

दोन्ही नकोत. नावाला ‘रान’ जोडले की मराठीत बहुधा वेगळी वनस्पती होते. रानकांदा म्हणजे कांदा नव्हे, रानहळद म्हणजे स्वयंपाकातली हळद नव्हे. ससेक्समधला हा शेपू मात्र भाजीचाच. बागेतून निसटलेला किंवा पक्ष्यांना टाकलेल्या दाण्यांतून, कचराडेपोवर उगवलेला.

‘कॅज्युअल’ म्हणजे बाहेरून आलेली, फुलणारी, क्वचित बीही धरणारी, पण स्वतःच्या बळावर वस्ती टिकवू न शकणारी वनस्पती. दर वेळी नवे बी पडावे लागते. शेपू एकहंगामी, त्याला उकरलेली, उघडी माती लागते. गवत माजले की रोपे दबतात, आणि उन्हाळा थंड गेला तर बी पिकायला उशीर होतो. त्याच्याच कुळातली बडीशेप बहुवर्षायू आहे, मुळातून पुन्हा फुटते. दक्षिण किनाऱ्यावरच्या पडीक जागांत ती पक्की झाली आहे. तिला ‘रुळलेली’ म्हणावे.

शेपूसाठी ‘उपरा’ चालत नाही, कारण उपरी तर बडीशेपही आहे. ‘नवागत’ही चुकीचे, शेपू ब्रिटनला रोमन काळापासून ठाऊक आहे. ‘आगंतुक’ जवळचा, पण आगंतुक कायमचा ठाण मांडूनही बसतो. नेमका शब्द ‘नैमित्तिक’: नित्य नव्हे, निमित्त घडले तरच. नैमित्तिक रजेमुळे तो सगळ्यांच्या कानावरचा आहे. शिवाय तो लिंगानुसार बदलत नाही. शेपूला कुणी ‘तो’ म्हणतात, कुणी ‘ती’, त्यामुळे तक्त्यात ही मोठीच सोय.

शेरा लिहिण्याआधी झाड मात्र नीट ओळखावे, कारण कोवळेपणी शेपू आणि बडीशेप या दोन्हींची पाने सारखीच दोऱ्यासारखी दिसतात. पिकलेले फळ पाहावे: शेपूचे चपटे, कडेला फिकट पातळ पंख असलेले, म्हणजे आपली बाळंतशेप, बडीशेपेचे लांबट, फुगीर, बिनपंखी. एकाच मुळातून बरेच दांडे आणि तळाशी गेल्या वर्षीचे वाळके खुंट असतील, तर ती बडीशेप. नोंद अशी करावी: ‘शेपू, नैमित्तिक, एक रोप, बहुधा पक्ष्यांच्या दाण्यातून’, सोबत जागा आणि तारीख. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी पुन्हा जाऊन पाहावे. पुन्हा रोप दिसले तरी लगेच ‘रुळलेला’ लिहू नये. शेजारी दाणे टाकणे चालू आहे का, ते आधी तपासावे.