हसताना तोंडावर जाणारा हात

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. तिचे वरचे दात पुढे आलेले असल्यामुळे वर्गातली मुले तिला ‘फावडी’ म्हणतात. वर्षभरापासून ती तोंडावर हात ठेवूनच हसते. यंदा वक्तृत्व स्पर्धेतून तिने नावही काढून घेतले. दातांना दोन वर्षे तार लावावी लागेल, असे डॉक्टर म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे असे की, जेवता येते, काही दुखत नाही, मग नुसत्या दिसण्यासाठी एवढा खर्च कशाला? खरोखर गरज आहे की नाही, हे कसे ठरवावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंनी खर्चाचा विचार केला, हे योग्यच आहे. मात्र जेवता येते आणि दुखत नाही, एवढ्यावरून गरज नाही असे ठरत नाही.

ही गरज मोजण्यासाठी ब्रिटनमध्ये १९८९ साली एक निर्देशांक तयार झाला. त्याच्या एका भागात दातांच्या ठेवणीच्या १ ते ५ अशा श्रेणी आहेत, तर दुसऱ्या भागात १० छायाचित्रांशी तुलना करून दातांचे दिसणे जोखले जाते. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या ६ मिलिमीटरहून अधिक पुढे असतील तर चौथी आणि ९ मिलिमीटरहून अधिक पुढे असतील तर पाचवी श्रेणी धरतात. या दोन्ही श्रेणींत उपचार हवेत, असे मानले जाते. याचे कारण केवळ दिसणे नव्हे. खेळताना किंवा सायकलवरून पडताना पुढे आलेल्या दातांना इजा होण्याचा धोका अधिक असतो, आणि ओठ त्यांना झाकत नसतील तर तो आणखी वाढतो. मुलगी अभ्यासात गढलेली असताना तिच्या नकळत पाहा : ओठ सहज मिटलेले आहेत का? मिटायला सांगितल्यावर हनुवटीची कातडी आवळून तिच्यावर बारीक खळगे उमटत असतील, तर ओठांना दात झाकण्यासाठी ताण द्यावा लागत आहे, असे समजावे. श्रेणी मात्र दंतव्यंगोपचार तज्ज्ञच ठरवू शकतील.

तरीही तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही. टोरांटोच्या संशोधकांनी ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेली एक प्रश्नावली आज अनेक देशांत वापरली जाते. गेल्या तीन महिन्यांत दात दुखले का, घास चावायला त्रास झाला का, यांबरोबरच हसणे टाळले का, वर्गात मोठ्याने वाचावेसे वाटले नाही का, कोणी चिडवले का, हेही ती थेट मुलालाच विचारते. तुमच्या मुलीने वक्तृत्व स्पर्धा सोडली, हे यांपैकीच एका प्रश्नाचे उत्तर आहे. एकाच श्रेणीतल्या दोन मुलांपैकी एक खुशाल खिदळत असते आणि दुसरे मनातून खचलेले असते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे; म्हणून मोजमापाइतकेच मुलाचे म्हणणेही ऐकावे लागते.

तार लावली की आत्मविश्वास आपोआप येईल, असे आश्वासन मात्र मी देणार नाही. कार्डिफमध्ये १९८१ साली ११-१२ वर्षांच्या हजारभर मुलांची पाहणी सुरू झाली आणि त्यांपैकी जे सापडले त्यांची वीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. लहानपणी उपचार घेतल्याचा मोठेपणीच्या मानसिक स्वास्थ्यावर फारसा परिणाम दिसला नाही. त्यामुळे चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांशी आत्ताच बोला; त्यासाठी दात सरळ होण्याची वाट पाहू नका. आणि तार लावायची का, हे मुलीला एकटीला बसवून विचारा. तिची इच्छा असेल आणि तज्ज्ञांनी चौथी किंवा पाचवी श्रेणी सांगितली, तर माझ्या मते उपचार करावेत; तिचे वयही त्यासाठी अनुकूल आहे. खर्चाची अडचण असल्यास मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा. परंतु तिथे वारंवार जावे लागेल, हा हिशेबही आधीच मांडून ठेवा.

प्रश्न : मुलाला तार लावून पाच दिवस झाले. तो नीट जेवत नाही, गाल सोलले आहेत, चिडचिड करतो. आमचा निर्णय चुकला का?
– एक वडील, नाशिक

उत्तर : नाही. सुरुवातीच्या काळात मुलाचे रोजचे जगणे आधीपेक्षा अवघड होते, आणि हे पालकांना कोणी आधी सांगत नाही, याची मला खंत वाटते. दुखणे पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असते आणि साधारण आठवड्याभरात उतरते. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून द्या, मऊ भात द्या. ऊस, चिक्की, मक्याचे कणीस आणि कडक पेरू उपचार संपेपर्यंत टाळा, कारण त्यांनी दातावर चिकटवलेली पट्टी निघते. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांगा आणि गालाला घासणाऱ्या जागी डॉक्टरांकडून मिळणारे मेण लावा. तारेचे टोक टोचत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता उद्याच दाखवून या.