गौदी बघायची सुरुवात पोटमाळ्यापासून कर

अरे बार्सिलोनाला पहिल्यांदाच चाललायस ना, मग एक ऐक, थेट सग्रादा फमिलियाच्या, म्हणजे वास्तुकार गौदीच्या त्या प्रसिद्ध चर्चच्या, रांगेत जाऊन उभा राहू नकोस. आधी त्याच्याच कासा मिला या इमारतीचा पोटमाळा बघ, तिथं विटांच्या २७० कमानी आहेत आणि साखळ्या टांगलेलं एक मॉडेलपण ठेवलंय, त्याच्यासमोर जरा वेळ थांब. साखळी दोन टोकांना धरून सैल सोडली की ती आपोआप जो आकार घेते ना, तोच उलटा केला की कमान सगळं वजन आपल्या वळणातूनच नुसत्या दाबानं खाली उतरवते, वाकत नाही. कोलोनिया ग्वेल या बार्सिलोनाजवळच्या कामगार वसाहतीतल्या चर्चसाठी गौदीनं दोऱ्यांना छर्‍यांच्या छोट्या पिशव्या लटकवून असंच मॉडेल केलं, त्याचा फोटो काढला, उलटा धरला आणि त्या फोटोवरच इमारतीचं चित्र रंगवलं. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा! मला तर हे गौदीच्या त्या रंगीत टाइल्सपेक्षा कितीतरी भारी वाटतं.

हे डोक्यात बसलं की मग सग्रादा फमिलियात जा, झाडासारखे फांद्या फुटलेले ते खांब तिरके का आहेत ते लगेच कळेल. तिकीट आधीच ऑनलाइन काढ, आणि जमलं तर दुपार उलटल्यावरचं घे, पश्चिमेच्या काचांतून लाल-केशरी ऊन आत येतं तेव्हा मान खाली करावीशीच वाटत नाही.