आत्या गेली, आता मावशीनं कुठं जायचं?

प्रश्न: ताई, माझी आत्या मार्चमध्ये वारली. तिनं लग्न केलं नव्हतं, ती आणि मावशी (आम्ही सगळे मावशीच म्हणतो) बडोद्यात कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये 24 वर्षं एकत्र राहिल्या. नुसत्या मैत्रिणी नव्हत्या, संसार होता तो, घरात सगळ्यांना माहीत होतं पण बोलायचं कोणी नाही. आत्याला अटॅक आला त्या रात्री हॉस्पिटलात मावशीला विचारलं पेशंट तुमच्या कोण, ती म्हणाली आम्ही एकत्र राहतो, तर म्हणे तुमची सही नाही चालणार, रक्ताचं कोणीतरी बोलवा. मग मी अंकलेश्वरहून गाडी काढली आणि पोचलो तेव्हा ती तो फॉर्म हातात धरून बाकड्यावर बसलेली, "नातं" लिहायची जागा कोरी. बेसण्याच्या (शोकसभेच्या) जाहिरातीत आमची सगळ्यांची नावं आली, तिचं नाही. आता फ्लॅट आत्याच्या नावावर, मृत्युपत्र नाही, आजी-आजोबा आधीच गेलेत आणि काका म्हणतात दिवाळीपर्यंत विकून टाकू. अर्धे हप्ते मावशीनं भरलेत, सोसायटीत नॉमिनी पण तीच आहे. ती 66 वर्षांची आहे. तिला घर सोडावं लागेल का?

उत्तर: कायद्यानं बघितलं तर हो, लागू शकतं, आणि हे तुला लिहिताना मला फार वाईट वाटतंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता सांभाळणारा. नवरा-मुलं नाहीत, आईवडील नाहीत, म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे फ्लॅट भावांकडे जातो. तलाटीकडून पेढीनामा, म्हणजे वारसांच्या वंशावळीचा कागद, काढतील त्यात बाबा आणि काका असतील, 24 वर्षं जिनं तिची औषधं दिली तिला त्या कागदावर जागाच नाही. लग्न झालेलं असतं तर पहिला हक्क तिचा होता. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या खटल्यात 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क नाही, ते संसदेनं बघावं, जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. लोक म्हणतात कागदाचं काय एवढं, प्रेम आहे ना. अरे, त्या रात्री बाकड्यावर प्रेम होतंच की, सही चालली नाही.

आता ऐक, तुझ्या हातात बरंच आहे. बाबांशी बोल. अख्खा फ्लॅट विकायला दोघांच्या सह्या लागतात, काकांना नुसता आपला हिस्सा विकता येतो किंवा वाटणीसाठी कोर्टात जाता येतं. बाबांना सांग की आत्यानं नातं निवडलं होतं, ते आपण मोडायचं नाही. फ्लॅट मावशीला बक्षीस द्यायचं म्हटलं तर ती "नातेवाईक" धरली जात नाही, 50 हजारांच्या वरच्या भेटीवर तिलाच इन्कम टॅक्स बसेल, नवऱ्यानं बायकोला दिलं तर हा टॅक्स नसतो. म्हणून आधी वकिलाकडून तिला हयातभर राहायचा हक्क लिहून द्या आणि तो दस्तावेज रजिस्टर करा, दोन्ही भावांच्या सहीनं. तोंडी "मावशी, राहा हो तुम्ही" असं नको, बाबा चांगले आहेत म्हणून तिला छत आहे ही अवस्थाच तिच्यासाठी अपमानाची आहे. हप्त्यांची तिची पासबुकं शोधून वकिलाला दाखव. आपल्या बडोद्यात 1931 मध्ये सयाजीराव महाराजांनी हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला, अख्ख्या देशासाठी तसा कायदा यायला 1955 उजाडावं लागलं, तेव्हा लग्नाच्या कायद्याला हात लावता येत नाही असं मला कोणी सांगू नये. आणि वर्षश्राद्धाची जाहिरात द्याल तेव्हा तिचं नाव टाका, सगळ्यात आधी.

प्रश्न: आम्ही दोघं मुलगे फतेगंजला भाड्यानं राहतो, 4 वर्षं झाली. घरी सांगितलेलं नाही. कागद कोणते करायचे?

उत्तर: घरी कधी सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, कागद मात्र या महिन्यात करा. दोघांनी वेगवेगळं मृत्युपत्र, दोन साक्षीदारांसमोर, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करा, मृत्युपत्रानं मिळालेल्यावर तो भेटीचा टॅक्स लागत नाही. जॉइंट खातं उघडता येतं, नॉमिनीही करता येतं, ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं तसं स्पष्ट केलंय, बँकेत कोणी कां-कूं केलं तर हे सांगा. मुखत्यारपत्र माणूस गेला की संपतं, त्याच्यावर विसंबू नका. आपण बेशुद्ध असलो तर उपचाराचं कोणी ठरवायचं हे लिहून ठेवता येतं, दोन साक्षीदार आणि नोटरी, एक कॉपी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या आणि एक पाकिटात ठेवा.