वाचकांचे प्रश्न : टाकी रिकामी, पडद्यावर मात्र ‘फुल’

प्रश्न : अर्धवट बांधलेलं आरव्ही-७ (किटमधून स्वतः बांधायचं छोटं विमान) विकत घेऊन मी पूर्ण करतो आहे. टाक्यांत कोणते सेन्सर बसवलेत याची जुन्या मालकाकडे नोंद नाही. डावी टाकी कोरडी असूनही पडद्यावर कायम ‘फुल’ दिसते. टाकी उघडावी लागेल का? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : एवढ्यात नको. सीलंट खरवडायचं, पुन्हा लावायचं, गळती तपासायची, हे सगळं बहुतेक वेळा टळतं. मास्टर स्विच बंद करून आधी सेन्सर ओळखा. पंखाच्या मुळाशी, टाकीच्या झाकणावर पाच स्क्रूंची गोल चकती आणि मध्ये एकच टर्मिनल असेल तर तो फ्लोटचा, म्हणजे इंधनावर तरंगणाऱ्या गोळ्याच्या दांडीने रोध बदलणारा सेन्सर. मधल्या पिनेचा गोल बीएनसी कनेक्टर असेल तर कपॅसिटन्सच्या पट्ट्या, म्हणजे मधलं इंधन वाढलं की ज्यांची वीज साठवण्याची क्षमता वाढते अशा धातूच्या पट्ट्या. तीन वायरी निघत असतील तर सर्किट सेन्सरमध्येच असतं आणि तो व्होल्टेज देतो.

फ्लोटचा असेल तर वायर सोडवा आणि टर्मिनल ते चकती रोध मोजा. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३. युरोपीय पद्धत उलटी आहे : रिकाम्याला १०, भरलेल्याला १८०. तुमच्या मीटरवर २४० आले आणि गेज युरोपीय असेल, तर दोष सापडला. सेन्सर बरोबर आहे, जोडी चुकली आहे. निरनिराळ्या लोकांनी हात लावलेल्या विमानात सगळ्यात आधी हेच पाहावं.

गेजही अमेरिकी असेल तर सेन्सरची वायर सुटी ठेवून मास्टर चालू करा. वाचन ‘रिकामी’वर आलं तर दोष सेन्सरमध्ये. रोध शून्याच्या आसपास असेल तर आतून शॉर्ट आहे. ३३च्या आसपास असेल तर फ्लोट वर अडकला आहे किंवा त्याची दांडी उलटी वाकवली आहे. तेव्हा मात्र टाकी उघडण्याला पर्याय नाही. वायर सोडूनही ‘फुल’च दिसत असेल तर वायर वाटेत कुठेतरी घासून अर्थ झाली असणार. रिबच्या (पंखातल्या आडव्या फासळीच्या) ज्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून बसवलेलं कडं, नाही, तिथे आधी बघा. खात्रीसाठी सेन्सरच्या जागी ३३ आणि मग २४० ओहमचा रेझिस्टर लावा. दोन्ही वेळा वाचन बरोबर आलं तर वायर आणि गेज दोन्ही निर्दोष.

खोट्या ‘रिकामी’मुळे वैमानिक लवकर उतरतो, खोट्या ‘फुल’मुळे इंजिन हवेत बंद पडतं. हा दोष निघेपर्यंत कृपया उडू नका.

प्रश्न : दिवे लावले की उजव्या टाकीचं वाचन घसरतं. शिवाय वरचे काही गॅलन गेजवर दिसतच नाहीत.

उत्तर : पहिला दोष अर्थिंगचा. चकतीखालचं सीलंट वीज वाहू देत नाही, मग सगळी भिस्त स्क्रूंवर राहते. चकती ते बॅटरीचं ऋण टोक, रोध एका ओहमहून कमी हवा. नसेल तर चकतीच्या एका स्क्रूपासून ढाच्यापर्यंत वेगळी वायर टाका.

दुसरा दोष नव्हेच. पंख बाहेरच्या टोकाला उचललेले असतात आणि फ्लोट मुळाशी असतो. तो टाकीच्या छताला टेकला तरी बाहेरच्या भागात इंधन चढतच राहतं. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे गेजचं वाचन प्रत्यक्ष इंधनाशी जुळवणं, नीट करा : विमान उड्डाणाच्या स्थितीत समतल ठेवा (टेलव्हील, म्हणजे शेपटीखाली चाक असलेलं विमान असेल तर शेपूट उचलून), टाकी वापरण्याजोग्या शून्यापर्यंत रिकामी करा, मग २-२ गॅलन (सुमारे साडेसात लिटर) घाला आणि दर वेळी इंधन स्थिरावल्यावर वाचन नोंदवा. २१ गॅलनच्या टाकीत जिथून आकडा हलत नाही, त्यापुढचं फक्त डिपस्टिकवर (टाकीत बुडवायच्या मोजपट्टीवर) मोजा. ती त्याच वेळी, पण विमान जमिनीवर उभं राहतं त्या स्थितीत आखून घ्या. काम उघड्यावर करा, विमान आणि डबा वायरने जोडा, अग्निशामक हाताशी ठेवा.

प्रश्न : कपॅसिटन्सचे सेन्सर आहेत. पंपावरचं पेट्रोल घातल्यावर ते जास्त इंधन का दाखवतात?

उत्तर : इथेनॉलमुळे. पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पट्ट्यांमधला पदार्थ त्यांची वीज साठवण्याची क्षमता किती पट करतो तो आकडा) सुमारे २, इथेनॉलचा सुमारे २४. थोडं इथेनॉल मिसळलं तरी सेन्सरला टाकी जास्त भरल्यासारखी वाटते. एव्हीगॅसवर (विमानांच्या पेट्रोलवर) केलेलं कॅलिब्रेशन इथे चालणार नाही, त्या इंधनावर पुन्हा करा आणि इंधनं मिसळू नका. वाचन उड्या मारत असेल तर आधी निचऱ्यातून पाणी काढा, मग बीएनसीमध्ये ओल शिरली आहे का बघा. भारतात उडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, पण रोटॅक्स ९१२ या हलक्या विमानांच्या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं.