मेडिकल होऊन चार महिने झाले, आर्मीची मेरिट लागत नाही. नाशिकमधल्या सातपूरच्या कंपनीत काम मिळतंय, घेऊ की वाट बघू?

घे. भावा, तू लिहिलंयस की लेखी, ग्राउंड, मेडिकल सगळं झालंय आणि आता घरातून बाहेर पडायलाही नको वाटतं. म्हणून माझं सांगतो.

मी सिन्नर तालुक्यातला. तेव्हा क्रम उलटा होता, आधी ग्राउंड आणि मेडिकल, मग लेखी. २०२१ च्या सुरुवातीला मी दोन्हींत फिट झालो. लेखी कोरोनामुळे पुढे गेली, परत पुढे गेली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता महिन्याभराचाच प्रश्न आहे. आईच्या हट्टाने भद्रकालीतून काळी ट्रंकसुद्धा आणली होती. जून २०२२ मध्ये सैन्यभरतीची नवी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि आमची जुनी प्रक्रियाच रद्द झाली. त्या ट्रंकेत वडिलांनी पुढे कांद्याचं बी ठेवलं. मला काहीच बोलले नाहीत ते. ते न बोलणं मला अजून आठवतं.

भरती लांबल्याचं दुःख वेगळं. पण मी त्या सव्वा वर्षात काम घेतलं नाही, मुक्त विद्यापीठाचा परीक्षा फॉर्मही भरला नाही, कारण "कॉल आला तर?" ते वर्ष माझं मीच घालवलं. कॉल आला तर कंपनी सोडता येते रे, कोणी अडवत नाही. फक्त सही करण्याआधी नोटीस किती दिवसांची आहे ते विचार आणि मूळ मार्कशीट कोणाकडे जमा करू नकोस.

शिफ्ट लागली तरी पळणं सोडू नकोस, पण रोज टायमिंग लावून पळू नकोस. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत बसवायच्या नादात मी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सातही दिवस जीव तोडून पळायचो. शेवटी नडगी इतकी सुजली की पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागायचं. आठवड्यातून तीन दिवस पळ, एक दिवस पायऱ्या कर आणि बीम (पुलअप्स) चालू ठेव. पुढे माझ्या कामी हेच आलं. जानेवारी २०२३ मध्ये पोलीस भरतीचं मैदान सुरू झालं, तिथेही १६०० मीटरच होतं. आज मी खाकीत आहे. तुझं वय बसतंय तोवर आर्मी सोड असं मी म्हणणार नाही, पण पोलीस भरतीचा फॉर्म निघाला की भरून ठेव. आणि यंदा मेरिटमध्ये नाव नाहीच आलं तर आर्मीचाही नवा फॉर्म भरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, ती तारीख चुकवू नकोस.

निकाल फक्त भरतीच्या अधिकृत वेबसाइटवर, स्वतःच्या लॉगिनने बघ. आठवड्यातून दोनदा पुरे. व्हॉट्सॲपवरच्या याद्यांनी माझी झोप गेली होती. "तुझं नाव लिस्टमध्ये घालून देतो, एवढे दे" असं म्हणणारा कोणीतरी भेटेलच. वडिलांनाही आत्ताच सांगून ठेव, कारण असे लोक पोराला सोडून बापाला गाठतात.

गावात कोणी विचारलं तर "मेडिकल फिट आहे, मेरिट बाकी आहे" एवढंच सांग. त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही, तू एवढं सगळं काढलंयस.

उद्या कंपनीत होकार कळव. आणि आज रात्रीच फाईल उघडून चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला कोणत्या तारखेचे आहेत ते बघ. सहा महिन्यांच्या वर गेलेले चालत नाहीत, आणि तुझे चार तर मेडिकललाच उलटलेत.