आधी पोट, मग पॉट

«मावशी, माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम असल्याचं गेल्या वर्षी कळलं. बोलतो मोजके दहा-बारा शब्द. शू बाथरूममध्ये करतो, पण शी फक्त डायपरमध्ये, तीही हॉलच्या पडद्यामागे उभं राहून. पाच-सहा दिवस होत नाही आणि होते तेव्हा माझ्या मनगटाएवढी जाड. मधल्या दिवसांत चड्डीला सारखे पातळ डाग. दुकानातून जुलाब थांबवायचं औषध आणून दिलं, फरक नाही. खाणं म्हणजे दहीभात, एकाच प्रकारची बिस्किटं आणि बाटलीतून दिवसाला लिटरभर दूध. बालवाडीतून रोज फोन येतो, घेऊन जा. सासूबाई म्हणतात, डायपरची सवय तूच लावलीस. नणंद म्हणते, गहू आणि दूध बंद कर. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पोट शुद्ध करणारे थेंब मिळतात, त्याने ऑटिझमही जातो म्हणे. गेल्या आठवड्यात त्याने शी भिंतीला फासली आणि मी त्याला मारलं. तेव्हापासून मला झोप नाही. — बार्शीची एक आई»

अगं,

मारलंस त्याचं आधी बोलून टाकू. पुन्हा मारू नकोस. शी दिसली की मार बसतो, एवढंच त्याच्या डोक्यात बसेल आणि तो ती आणखी घट्ट धरून ठेवेल. पण त्या एका फटक्यासाठी रात्री जागणं आता पुरे. पुढचे सहा महिने तुला झोप हवी असणार आहे, ती आत्ता उधळू नकोस.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती डागांची ओळ, आणि तीच तू ओझरती लिहिली आहेस. मोरी तुंबली की काय होतं, आठव. बोळा जागचा हलत नाही आणि पाणी त्याच्या कडेकडेने झिरपत राहतं. तुझ्या लेकाच्या पोटात (त्याला आपण सोनू म्हणू) हेच चाललेलं दिसतंय. खाली वाळलेल्या शीचा गोळा अडकलाय आणि वरची पातळ शी त्याच्या बाजूने वाट काढून चड्डीत उतरतेय. ती येतेय हे त्याला कळतही नाही. म्हणजे हे जुलाब नव्हेत, ही बद्धकोष्ठता आहे. जुलाब थांबवायचं औषध देणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी एक बोळा कोंबणं. ते आजच बंद कर.

हे सुरू कसं होतं सांगते. कधीतरी शी कडक झाली, दुखलं. मुलाने ठरवलं, आता करायचीच नाही. जितकी धरून ठेवावी तितकं मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, ती आणखी कडक आणि मोठी होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. दिवसेंदिवस ताणून गुदाशय, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, सैल पडतो आणि 'लागली' ही जाणीवच बोथट होते. पडद्यामागे तो टाचा उचलून, पाय घट्ट जुळवून, लालबुंद होऊन उभा राहत असेल तर तुला वाटतं कुंथतोय. नीट बघ. बरेचदा तो ती आत रोखून धरत असतो.

हे कुठल्याही मुलाचं होऊ शकतं, ऑटिझम असलेल्यांचं जास्त होतं. पोटातल्या, मूत्राशयातल्या हालचालींची खबर त्यांच्यापैकी अनेकांना नीट पोचत नाही. खाणं चार पदार्थांवर अडलेलं. फ्लशचा आवाज, जेटचं गार पाणी, फिनेलचा वास आपल्या गावीही नसतो, त्यांच्या अंगावर येतो. शिवाय पहिल्यांदा जसं जमलं तसंच कायम करायचं, हा स्वभाव. सोनूला पहिल्यांदा ते पडद्यामागे जमलं, म्हणून पडदा. सासूबाईंना हे वाचून दाखव हवं तर. डायपरची सवय तू लावली नाहीस. दुखू नये म्हणून त्याने स्वतः शोधलेली ती जागा आहे.

त्यामुळे पॉट, फ्लश, स्टिकर सगळं बाजूला ठेव आणि आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. 'शीचं ट्रेनिंग होत नाही' असं सांगू नकोस. सांग, 'पाच-सहा दिवसांनी होते, जाड आणि कडक असते, मधे पातळ गळते.' जाण्याआधी आठवडाभर वहीत लिही: कधी झाली, केवढी, कशी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली शीच्या ७ प्रकारांचा एक तक्ता छापला, तो मोबाइलवर चित्रांसकट मिळतो. पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारखा, सातवा नुसतं पाणी. आपल्याला हवा तिसरा-चौथा, पिकल्या केळ्यासारखा. नंबर सांगितलास की डॉक्टरांचा आणि तुझा दोघांचाही संकोच वाचेल.

रात्री रडत उठतो का, सोफ्याच्या हातावर पोट दाबून पालथा पडतो का, जेवता जेवता किंचाळतो का, डोकं आपटतो का, हेही लिही. ज्या मुलाला 'पोट दुखतंय' म्हणता येत नाही त्याचं हेच म्हणणं असतं. 'ऑटिझममध्ये असं चालायचंच' म्हणून कोणी वाटेला लावलं तर ऐकू नकोस. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१० साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एकमताने लिहिलं होतं, की या मुलांच्या पोटाच्या तक्रारींची तपासणी इतर मुलांइतकीच कसून व्हायला हवी. शीतून रक्त, हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, घटतं वजन, पायांतली अशक्ती, किंवा जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवस न होणं, यातलं काही असेल तर ते पहिल्या वाक्यात सांग. चालू औषधांची यादीही ने. रक्तवाढीचं लोहाचं औषध आणि वागणुकीसाठी दिलेली काही औषधं शी कडक करतात.

औषध बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉल मिळेल, 'पेग' म्हणतात त्याला. ही पावडर पाण्यात विरघळते आणि शीत पाणी धरून ठेवते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिली पसंती तिलाच आहे. आधी काही दिवस मोठा डोस देऊन अडकलेला गोळा काढतात. त्या दिवसांत घाण वाढेल, डाग वाढतील, घरातले म्हणतील औषध उलटलं. उलटलेलं नसतं, मोरी मोकळी होत असते. शाळेला सुट्टी घे, जुन्या चादरी काढून ठेव. नंतर रोजचा छोटा डोस, महिनोन्‌महिने. इथेच बहुतेक घरं चुकतात: आठवडाभर छान झाली की औषध बंद, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पहिले पाढे. ताणलेला गुदाशय मूळ आकाराला यायला वेळ लागतो. 'सवय लागेल' या भीतीने मनाने डोस कमी करू नकोस, वजनावरून किती द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

एक बारीक गोष्ट. हे औषध त्याच्या दुधात किंवा दहीभातात चोरून घालू नकोस. चव बदललेली या मुलांना लगेच कळते, आणि मग तो विश्वासाचा पदार्थही सुटतो. सोनूकडे आहेतच तीन. बिनचवीची, बिनाक्षाराची पावडर मागून घे आणि वेगळ्या पेल्यात, रोज त्याच वेळी दे.

बाकी घरगुती इलाजांचं काय? आमच्या लहानपणी महिन्यातून एक रविवार एरंडेलाचा असायचा. त्या वासाने आजही माझ्या पोटात ढवळतं. ते नको. साबणाची कांडी नको, विड्याच्या पानाचा देठही नको. ज्याला केस विंचरलेले सोसत नाहीत त्याला तिथे काहीतरी खुपसणं म्हणजे भीती दुप्पट करणं. इसबगोलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आधीच तुंबलेल्या पोटात, पाणी न पिणाऱ्या मुलात ते गोळ्यात भरच घालतं.

दुधाचं मात्र नणंदेचं अर्धं बरोबर आहे. लिटरभर दूध या वयाला फार झालं. त्याने पोट भरतं, भूक मरते, आणि काही मुलांत बद्धकोष्ठताही वाढते. हळूहळू अर्ध्या लिटरवर आण. बाटली तीच ठेव, दूध दर चार दिवसांनी थोडं कमी भर. गव्हाचं म्हणशील तर, गहू-दूध तोडून ऑटिझम जातो याला भक्कम पुरावा नाही, आणि तीन पदार्थ खाणाऱ्या मुलाचं ताट आणखी रिकामं करायला माझा जीव धजत नाही. गव्हाची शंका असेलच तर आधी सीलिॲकची, म्हणजे गव्हामुळे आतडं बिघडवणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी करून घे. ती गहू खात असतानाच करावी लागते. बंद केल्यावर केलीस तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. नवे पदार्थ आणायचे तर त्याच्या आवडीच्या शेजारचे: दहीभात जरा सैल कर, वेगळ्या वाटीत चमचाभर मुगाचं वरण नुसतं ठेव, खा म्हणू नकोस. पेरू, पपई, मनुका यांचा नंबर पुढे लागेल.

त्या थेंबांबद्दल मी सौम्य शब्द वापरणार नाही. 'ऑटिझम बरा करणारे' म्हणून विकले जाणारे असले काही थेंब म्हणजे क्लोरीन डायऑक्साइड, कपडे-कागद पांढरे करायचं ब्लीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० आणि २०१९ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारे दिले आहेत. तुझ्या ग्रुपवरच्या बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यालाही धड सांगता येणार नाही. पोट आणि ऑटिझम यांची गाठ मारून घाबरलेल्या आईबापांना गंडवण्याचा धंदा जुना आहे. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लस, आतडी आणि ऑटिझम यांना जोडणारा एक लेख छापून आला, २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला, आणि त्याची भुतं अजून फिरताहेत. सोनूचं पोट बरं झालं की तो नीट झोपेल, कमी चिडेल, कदाचित शिकेलही पटापट. ऑटिझम राहील. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस.

रोज मऊ शी, न दुखता, असे दोन-तीन आठवडे गेले की मग जागा बदलायला घ्यायची. डायपर काढायचा नाही, फक्त हलवायचा. पडद्यामागून बाथरूमच्या दाराशी. तिथे जमलं की आत, उभ्यानेच. मग डायपर घालूनच कमोडच्या बंद झाकणावर बसणं. मग झाकण उघडं, लहान सीट लावून, डायपर अंगावर. मग डायपरला खाली भोक, दर काही दिवसांनी थोडं मोठं, शेवटी नुसती कमरेची पट्टी उरते. एकेका पायरीला आठवडा लागो की महिना. अडला तर एक पायरी मागे ये, त्यात हार नाही. आणि शी धरून ठेवायला लागला तर सगळं थांबव, कारण पोट पुन्हा तुंबलं की पहिल्यापासून सुरुवात.

बसवायची वेळ जेवणानंतर वीसेक मिनिटांनी. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलतं. पाच मिनिटं, बस्स. झाली नाही तरी शाबासकी, कारण बसला. पाय लोंबकळू देऊ नकोस, खाली स्टूल किंवा दोन पाट ठेव. गुडघे कमरेच्या वर आले की शीचा मार्ग सरळ होतो. आपले आजोबा उकिडवे बसायचे तेच हे. साबणाचे फुगे किंवा पिपाणी दे. फुंकताना पोट आपोआप दाबलं जातं, 'जोर लाव' सांगावं लागत नाही. फ्लश तो बाहेर गेल्यावर. जेटऐवजी तांब्यात कोमट पाणी. बाथरूममधल्या चार गोष्टींचे तुमच्याच घरातले फोटो काढून ओळीने चिकटव. शब्दांपेक्षा ते त्याला लवकर कळतील.

भिंतीचं? गळत्या शीने खाज सुटते, ओलं लागतं, हात जातो, मग हात पुसायला भिंत. पोट मोकळं झालं की बरेचदा हेही थांबतं. तोवर मागून बटणं असलेला एकसंध कपडा, आणि कणीक मळताना त्याच्याही हातात एक गोळा. चेहरा कोरा ठेवून साफ कर. तू ओरडलीस तर त्याला तो खेळ वाटू शकतो.

फुगे फुंकायचं काम सासूबाईंना दे. खरंच. घरात टोमणे मारणाऱ्या माणसाला काम नसतं, हा माझा अनुभव. आणि पेगचा पेला नवऱ्याने द्यायचा, रोज. सगळं तुझ्याच हातून झालं तर सहा महिन्यांनी तूच आजारी पडशील. बालवाडीला डॉक्टरांची चिठ्ठी दे: उपचार चालू आहेत, डाग पडले तर चड्डी बदलावी, दोन जादा दप्तरात आहेत. पुढे पहिलीला मान्यताप्राप्त शाळा शीच्या कारणाने प्रवेश नाकारू लागली तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दाखव, ऑटिझम त्यात येतो. खर्चाची अडचण असेल तर बहुतेक जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी 'डीईआयसी' नावाचं केंद्र असतं, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत होते.

आणि हो, हॉलचा तो पडदा धुवायला म्हणूनसुद्धा एकदम काढू नकोस. बाथरूममध्ये जायची पायरी आली की तोच पडदा तिथल्या दांडीवर टांग. आत कमोड, भोवती त्याचा पडदा. हॉलला तोवर जुनी साडी चालेल.

— मावशी