पोकर शिकतोयस? आधी दुसऱ्याचा हात सोडवून बघ

खेळ अजून येत नाही, मग दुसऱ्यांच्या हातांवर काय बोलणार म्हणतोस? अरे, अजून नीट येत नाही म्हणूनच तर दुसऱ्यांच्या हातांवर (म्हणजे त्यांनी खेळलेल्या डावांवर) मत देत जा, चुकलास तर चुकलास, मी पहिलं वर्षभर असंच ठोकून देत आणि बोलणी खात शिकलो. फक्त एवढं पाळ:

१. शेवटी कोण जिंकलं ते बघायच्या आधी स्वतःचं उत्तर लिहून टाक. निकाल कळल्यावर काय, सगळेच हुशार.

२. "मी फोल्ड केलं असतं" (म्हणजे पत्ते टाकले असते) एवढ्यावर थांबू नको, आकडा दे. समजा टर्नला (टेबलावर चौथा पत्ता उघडल्यावर) तुझे हातातले आणि टेबलावरचे धरून बदामाचे चार पत्ते जमलेत, पॉट (मधे जमलेली रक्कम) 400, समोरचा 200 लावतो. म्हणजे 600 साठी 200, तुझे धरून 800 पैकी 200, निदान 25 टक्के चान्स हवा. न दिसलेल्या 46 पत्त्यांत बदाम उरले 9, म्हणजे जेमतेम 20 टक्के. मग नुसत्या फ्लशच्या (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांच्या) आशेवर कॉल कशाला, म्हणजे ते 200 भरायचे कशाला? (रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्यावर, अजून पैसे निघतील वगैरे नंतर बघू.)

३. पोझिशन विचार, म्हणजे बोलायची पाळी कितवी ते. नऊ जणांच्या टेबलावर पहिलं बोलायचं असेल तर वेगवेगळ्या रंगाचे एक्का-नऊ सरळ टाक, तेच बटनवर (डीलरच्या जागेवर) असताना आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले असतील तर बिनधास्त रेझ, म्हणजे रक्कम वाढव. दिवाळीतल्या तीन पत्तीची सवय इथे नडते, प्रत्येक हातात उतरायचं नसतं रे.

सॉल्व्हरला (योग्य खेळी काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरला) आत्ता हातही लावू नको. आणि पैसे तर नकोच, आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो.